दादाच्या प्रश्नासाठी घेतलेला अभ्यासक्रम: नैसर्गिक नियम आणि ख्रिस्ती नीती, बारा आठवडे, ऑनलाइन

पप्पांचं डायलिसिस थांबवायचं ठरलं तेव्हा अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून माझी एकवीस वर्षं झाली होती. असे निर्णय दुसऱ्यांच्या घरात होताना मी कितीदा तरी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आहे. पप्पांचं हृदय थकलं होतं. डायलिसिस सुरू झालं की रक्तदाब इतका उतरायचा की मशीन मध्येच थांबवावं लागे, आणि पुढचा अख्खा दिवस ते डोळे उघडत नसत. "आता पुरे," हे त्यांनीच सांगितलं, पूर्ण शुद्धीत, दोनदा. नऊ दिवसांनी ते गेले.

दोन महिन्यांनी रात्री दादाचा फोन आला. "खरं सांग. आपण पप्पांना जाऊ दिलं, की आपणच मारलं?"

नातेवाइकांना मी नेहमी जे सांगते ते ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. आमच्या पाळकसाहेबांनी मायेने सांगितलं होतं की प्रभूने ठरवलेली वेळ आली होती. ते मी मानते. पण प्रभूने काय केलं हे दादा विचारत नव्हता, आपण काय केलं हे विचारत होता. त्याला कारणं हवी होती, आणि मलाही. हा अभ्यासक्रम मी त्यासाठी घेतला. पाचपैकी चार तारे देते आहे. एक का कापला तेही सविस्तर लिहिते, कारण पुढे घेणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

आधी स्वरूप सांगते. दर आठवड्याला सुमारे चाळीस मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान, दहा-पंधरा पानांचं वाचन आणि दीड तासाची थेट चर्चा. शेवटी एक निबंध, जो शिक्षक स्वतः वाचतात आणि त्यावर लिहून देतात. आमच्या गटात चौदा जण होतो. दोन पाळक, एक वकील, एक कॅथलिक सिस्टर, बरेचसे शाळेत शिकवणारे, आणि रुग्णालयातली मी एकटी. तत्त्वज्ञान आधी शिकलेलं असण्याची गरज नाही, लॅटिनची तर नाहीच. मात्र व्याख्यानं इंग्रजीत आहेत आणि वाचनाला आठवड्याचे चार-पाच तास खरोखरच द्यावे लागतात. मी रात्रपाळी संपवून वाचायला बसायचे आणि काही पानं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचे.

पहिल्याच आठवड्यात माझी एक जुनी अडचण सुटली. "नैसर्गिक" या शब्दाने मला वॉर्डात नेहमी छळलं आहे. नातेवाईक म्हणतात, नैसर्गिकरीत्या जाऊ द्या. मग व्हेंटिलेटर अनैसर्गिक का? इन्सुलिन? पेसमेकर? माणसाचा हात लागला की गोष्ट अनैसर्गिक होत असेल, तर माझं सगळं आयुष्य नैसर्गिक नियमाविरुद्ध गेलं. शिक्षकांनी हा घोळ टाळला नाही, तिथूनच सुरुवात केली. रोमन कायदेपंडित उल्पियन याची व्याख्या त्यांनी समोर ठेवली: निसर्गाने सर्व प्राण्यांना जे शिकवलं तो नैसर्गिक नियम. नर-मादीचा संयोग, पिल्लांचं संगोपन. तिच्या शेजारी त्यांनी रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरो याचं म्हणणं ठेवलं, की खरा नियम म्हणजे निसर्गाशी जुळणारी सरळ बुद्धी. या दोन व्याख्यांमध्ये केवढं अंतर आहे ते मग आम्हालाच शोधायला लावलं. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास सिसेरोच्या बाजूला झुकतो. माणसाचा निसर्गच विवेकाचा असल्याने विवेकाने वागणं हेच माणसासाठी निसर्गाप्रमाणे वागणं. म्हणजे मधुमेह्याला इन्सुलिन देणारा हात निसर्गाच्या विरोधात नाही. जीव सांभाळण्यासाठी चाललेली ती बुद्धीच आहे.

त्या रात्री मी वहीत "निसर्ग" हा शब्द खोडला आणि वर "स्वभावधर्म" लिहिलं. वाहणं हा पाण्याचा स्वभावधर्म, तसं चांगलं काय ते ओळखून, कारण देऊन, त्याच्याकडे जाणं हा माणसाचा. हा शब्द सापडल्यावर पुढचे अकरा आठवडे मला सोपे गेले. मराठीतून विचार करणाऱ्या कुणी हा अभ्यासक्रम घेतला, तर हा एक बदल मनात करून ठेवावा. "नैसर्गिक नियम" म्हटलं की आपल्याला गुरुत्वाकर्षण आठवतं, आणि मग सगळं चुकीच्या वाटेने जातं.

तिसरा आणि चौथा आठवडा या अभ्यासक्रमाचा कणा आहे. थॉमसने (१२२५-१२७४) आपल्या 'सुम्मा' या प्रश्नोत्तरांत रचलेल्या मोठ्या ग्रंथामध्ये नियमाविषयी लिहिलेला भाग नव्वदाव्या प्रश्नापासून सुरू होतो. नियम म्हणजे सर्वांच्या हितासाठी विवेकाने केलेली आज्ञा, जिच्यावर समाजाची काळजी आहे त्याने केलेली आणि जाहीर केलेली, ही व्याख्या तिथली. पण आम्ही दोन आठवडे जवळजवळ एकाच पानावर काढले: चौऱ्याण्णवाव्या प्रश्नाचा दुसरा भाग. एवढ्या संथपणे मी पवित्र शास्त्राखेरीज दुसरं काही वाचलेलं नाही. थॉमसची पद्धत अशी, की आधी स्वतःच्या विरोधातले मुद्दे मांडायचे, तेही लेचेपेचे करून नाही. मग स्वतःचं उत्तर द्यायचं, आणि मग प्रत्येक आक्षेपाकडे परत जायचं. आमच्या एका वकील सहाध्यायाने म्हटलं की न्यायालयात एवढ्या प्रामाणिकपणे प्रतिपक्षाची बाजू मांडणारा त्याने पाहिलेला नाही.

त्या पानावरचं पहिलं तत्त्व एका ओळीचं आहे: चांगलं ते करावं, त्याचा ध्यास धरावा, वाईट ते टाळावं. पहिल्यांदा वाचून मी निराश झाले. दादाला हे सांगून काय होणार होतं? पण शिक्षकांनी थॉमसचीच तुलना दाखवली. एकच गोष्ट एकाच वेळी आहे आणि नाही असं म्हणता येत नाही, या तत्त्वातून कुठलीही नवी माहिती मिळत नाही, पण ते काढून घेतलं तर कुठलाच विचार उभा राहत नाही. तसं हे कृतीच्या बाबतीतलं पहिलं तत्त्व. उत्तरं त्यातून टपकत नाहीत, पण प्रत्येक उत्तर त्यावर उभं असतं. मग थॉमस माणसाच्या तीन ओढी सांगतो. टिकून राहण्याची ओढ, जी अस्तित्वात असलेल्या प्रत्येक वस्तूत आहे. संयोग आणि संततीचं संगोपन, जी इतर प्राण्यांबरोबर वाटून घेतलेली. आणि खास माणसाची म्हणून देवाविषयीचं सत्य जाणण्याची आणि समाजात राहण्याची.

इथे मी चर्चेत घाईने बोलून गेले. म्हटलं, पप्पांच्या बाबतीत मशीन पहिली ओढ थोडी टिकवत होतं आणि तिसरी पूर्ण हिरावून घेत होतं, त्यांना स्तोत्र म्हणता येत नव्हतं, नातवंडं ओळखू येत नव्हती, म्हणून थांबवणं बरोबर. शिक्षकांनी मला तिथेच थांबवलं. "तुम्ही उपचाराचं मोल करता आहात की जीवाचं?" त्यांनी विचारलं. या परंपरेत जीवाचं मोल उतरत नाही, तो कितीही थकलेला असो. त्या उपचाराने त्या जीवाला काय मिळतं आणि त्याच्यावर किती भार पडतो, एवढंच तोलायचं. हा फरक माझ्या हातांना माहीत होता. कुशीवर वळवताना, तोंड पुसताना माझा कुठलाच रुग्ण मला कमी मोलाचा वाटलेला नाही. पण शब्दांत मी तो कधीच धरला नव्हता, आणि शब्दांत न धरल्यामुळे भलतंच बोलून बसले होते. त्या एका प्रश्नासाठीसुद्धा मी हा अभ्यासक्रम पुन्हा घेईन.

त्याच चौऱ्याण्णवाव्या प्रश्नाच्या चौथ्या भागाकडे मात्र तुम्ही स्वतःहून जास्त वेळ द्या, कारण व्याख्यान तो पंधरा मिनिटांत आवरतं. थॉमस म्हणतो की सर्वसाधारण तत्त्वं सगळ्यांसाठी सारखी, पण जसजसं तपशिलात उतरावं तसतशी ती जास्त वेळा अपुरी पडतात. त्याचं उदाहरण ठेवीचं आहे. कुणी ठेवायला दिलेली वस्तू परत करावी, हे बरोबर. पण ती तो आपल्याच देशावर हल्ला करायला मागत असेल तर? तेव्हा परत करणं विवेकाला सोडून होईल. म्हणजे हा नियम वरून नाणं टाकलं की खालून निकाल देणारं यंत्र नाही. इथे थॉमस ज्या गुणावर भिस्त ठेवतो त्याला इंग्रजीत जो शब्द (prudence) वापरतात तो नुसता सावधपणासारखा ऐकू येतो. मी वहीत "तारतम्य" लिहिलं. आमच्या विभागातल्या एका वरिष्ठ सिस्टरकडे ते होतं. कागदावर दोन रुग्ण सारखे दिसत असताना एकाजवळ त्या अर्धा तास खुर्ची घेऊन बसत आणि दुसऱ्याच्या नाडीला हात लावून पुढे जात. विचारलं तर कारण सांगता येई, पण ते कारण कुठल्या नियमपुस्तकात सापडलं नसतं.

आता विश्वासाच्या बाजूने. मी ज्या चर्चमध्ये वाढले तिथे रोमकरांस पत्रातला तिसरा अध्याय आम्हाला पाठ होता: सर्वांनी पाप केलं आहे. दुसऱ्या अध्यायातल्या चौदाव्या-पंधराव्या वचनांवर मी कधी उपदेश ऐकल्याचं आठवत नाही. तिथे पौल लिहितो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही असे परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले लोक, जेव्हा स्वभावतःच त्यातल्या गोष्टी करतात, तेव्हा नियमाचं कार्य आपल्या हृदयावर लिहिलेलं आहे हे ते दाखवून देतात, आणि त्यांची विवेकबुद्धीही साक्ष देते. ही दोन वचनं आणि तिसरा अध्याय एकाच पत्रात, पान न उलटता आहेत. पाचव्या आठवड्यात आम्ही ती एकत्र वाचली. पापाने बुद्धी बिघडली असेल तर तिच्यावर विसंबायचं कसं, हा पाळकांचा प्रश्न होता. थॉमसचं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. पहिलं तत्त्व हृदयातून पुसलं जात नाही, पण त्यापुढचे निष्कर्ष वाईट समजुतींनी आणि बिघडलेल्या रिवाजांनी पुसले जाऊ शकतात. तो सीझरचा दाखला देतो, की जर्मन टोळ्यांना लूटमार वाईट वाटत नसे. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन यानेही विवेकबुद्धीत कोरलेला नैसर्गिक नियम मानला होता, हे मला इथे पहिल्यांदा कळलं. प्रोटेस्टंट घरातून आलेल्यांना त्याचा मोठा आधार वाटेल. पण त्याला दहाच मिनिटं मिळतात.

आणि इथूनच माझी पहिली तक्रार सुरू होते. १९३४ साली एमिल ब्रुनर आणि कार्ल बार्ट या दोन प्रोटेस्टंट विद्वानांत मोठा वाद झाला. सृष्टीतून आणि माणसाच्या विवेकातून देवाच्या इच्छेचं काही कळतं का, असा तो प्रश्न. ब्रुनरने जपून होकार दिला, बार्टने उत्तरादाखल जी पुस्तिका लिहिली तिचं नावच "नाही!" असं होतं. व्याख्यानात बार्ट हा कुणाचंच ऐकून न घेणारा हट्टी माणूस म्हणून येतो आणि जातो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बार्मेन इथे जे घोषणापत्र निघालं, ज्याचा मोठा भाग बार्टने लिहिला, त्याचा उल्लेखही नाही. तेव्हा जर्मनीत "जर्मन ख्रिस्ती" म्हणवणारे लोक वंश आणि राष्ट्र यांना देवाने सृष्टीत घालून दिलेली व्यवस्था ठरवून चर्च हिटलरच्या दावणीला बांधत होते. अशा वेळी "सृष्टीकडे पाहा, देव काय सांगतो ते कळेल" हे वाक्य निष्पाप उरत नाही. बार्टशी मी सहमत नाही. पण त्याची भीती सांगितल्याशिवाय त्याचं उत्तर सांगणं हे थॉमसच्याच रीतीला सोडून आहे, ज्याने आक्षेप नेहमी पुऱ्या ताकदीने मांडले. चर्चेत मी हे बोलले, एका पाळकांनी दुजोरा दिला, आणि शिक्षकांनी मोकळेपणाने मान्य करून पुढच्या आठवड्यात चार पानांचं जास्तीचं वाचन पाठवलं. व्याख्यान मात्र तेच आहे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. सहाव्या आठवड्यात स्पॅनिश अमेरिका आहे, आणि विषय इतका जिवंत आहे की मी व्याख्यान दोनदा ऐकलं. १५११ साली कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या, एका रविवारी अंतोनियो द मोंतेसिनोस या डोमिनिकन साधूने तिथल्या मूळ रहिवाशांना राबवणाऱ्या स्पॅनिश वसाहतदारांना तोंडावर विचारलं, ही माणसं नाहीत का, यांना विवेकी आत्मे नाहीत का? १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को द व्हितोरियाने मांडलं की स्पॅनिश येण्याआधी ते लोक आपल्या भूमीचे खरे मालक होते, ख्रिस्ती नसल्याने मालकी जात नाही, आणि पोप काही साऱ्या जगाचा धनी नाही. नैसर्गिक नियमाने सत्तेला सवाल केल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. पण १५५०-५१ च्या व्हायादोलिदच्या वादात मूळ रहिवाशांची बाजू घेणाऱ्या बार्तोलोमे द लास कासासच्या समोर जो सेपुल्वेदा नावाचा विद्वान उभा होता, तोही नैसर्गिक नियमच बोलत होता. काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात हे अ‍ॅरिस्टॉटलचं वाक्य घेऊन तो त्या लोकांविरुद्धच्या युद्धाचं समर्थन करत होता. व्याख्यानात तो "विरोधक" म्हणून अर्ध्या वाक्यात संपतो. खुद्द व्हितोरियानेही प्रवास आणि व्यापार अडवला तर युद्ध न्याय्य ठरू शकतं अशी वाट उघडी ठेवली होती, तेही गाळलं आहे.

हे झाकण्यासारखं नव्हतं, शिकण्यासारखं होतं. तत्त्वं दोघांकडे तीच होती. पण लास कासासने त्या लोकांमध्ये कित्येक वर्षं काढली होती आणि सेपुल्वेदा अमेरिकेला कधी गेलाच नाही. वॉर्डात हे मी रोज पाहते. फाइल वाचून निर्णय देणारा आणि रुग्णाचा हात धरून निर्णय देणारा, दोघांची पुस्तकं एकच असतात. मोंतेसिनोसच्या उपदेशातही नवं तत्त्व काही नव्हतं. समोर माणूस आहे, त्याच्याकडे बघा, एवढंच तो सांगत होता. बलवान लोक आपल्या सवयींना निसर्ग म्हणून खपवतात हा या विचारावरचा सगळ्यात जड आक्षेप आहे, आणि तो लपवणाऱ्या व्याख्यानाने विचाराचं भलं होत नाही.

सातवा आठवडा कठीण आहे. "आहे" यावरून "असावं" कसं काढायचं, हा अठराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ ह्यूमने उपस्थित केलेला प्रश्न, आणि त्याला विसाव्या शतकात जर्मेन ग्रिसे आणि जॉन फिनिस यांनी दिलेलं उत्तर. निसर्गाच्या वर्णनातून आपण कर्तव्य काढतच नाही, जीवन, ज्ञान, मैत्री यांसारखी मूलभूत श्रेयसं व्यवहारी बुद्धीला थेट कळतात, असं त्यांचं म्हणणं. जुन्या वळणाचे थॉमसवादी म्हणतात की मानवी स्वभाव आणि देव बाजूला ठेवले तर ही इमारत अधांतरी राहते. दोन्ही बाजू नीट मांडल्या आहेत. मला दुसरी पटते, पण मी तिथे फार रेंगाळले नाही. आठवा आठवडा अन्याय्य कायद्याचा, वकिलाला आवडलेला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात थॉमसचा आधार घेतला आहे, ते पत्र वाचताना आमच्यापैकी बरेच जण गप्प झाले होते. विवाह आणि संततिनियमनाच्या आठवड्याला दीड तास अगदीच अपुरा आहे. कृत्रिम संततिनियमनाला मनाई करणाऱ्या, पोपच्या १९६८ च्या 'उमाने व्हीते' या पत्राच्या आधी पोपने नेमलेल्या आयोगाच्या बहुमताने बदलाच्या बाजूने कौल दिला होता आणि पोपने तो स्वीकारला नाही. एकाच परंपरेतली माणसं दोन ठिकाणी कशी पोहोचली हे उलगडण्याआधीच वेळ संपली. गटातल्या दोन विवाहित स्त्रियांना बोलायचं होतं, त्यांना बोलता आलं नाही. या विषयाला दोन आठवडे द्यायला हवेत.

आता ज्या आठवड्याची मी वाट पाहत होते तो. एका कृतीचे दोन परिणाम. थॉमसने स्वसंरक्षणाविषयी लिहिताना हे मांडलं: एक परिणाम हेतूतला, दुसरा हेतूबाहेरचा, आणि कृतीची नैतिक ओळख हेतूवरून ठरते, मात्र कृती प्रमाणात हवी. पुढच्या काळात त्याच्या चार अटी झाल्या. कृती मुळात वाईट नसावी, वाईट परिणाम हेतूत नसावा, चांगला परिणाम वाईटाच्या मार्फत मिळवलेला नसावा, आणि वाईट सोसण्याइतकं कारण भारी असावं. मांडणी स्वच्छ आहे. उदाहरण मात्र चुकलं आहे, आणि माझा कापलेला तारा मुख्यतः इथला. व्याख्यानात मॉर्फीन हे तीव्र वेदनाशामक येतं: ते वाढवलं की श्वास मंदावून मृत्यू लवकर येतो, पण हेतू वेदना शमवण्याचा, म्हणून चालतं. वेदनेच्या मानाने डोस नीट वाढवत नेला तर मॉर्फीनने सहसा मृत्यू लवकर येत नाही. उपशामक सेवेत काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पोप पायस बारावे यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये वेदनाशामकांविषयीच्या प्रश्नाला उत्तर दिलं तेही "आयुष्य कमी होणार असलं तरी, दुसरा उपाय नसेल तर" असं होतं, "कमी होतंच" असं नव्हतं. हा फरक बारीक नाही. मॉर्फीन म्हणजे मरण या भीतीने नातेवाईक ते नको म्हणतात आणि माणूस विव्हळत जातो. नीतीच्या वर्गातून ही भीती पसरावी याचं मला फार वाईट वाटलं. मी लेखी कळवलं, आणि पुढच्या तुकडीपासून उदाहरण बदलू असं उत्तर आलं आहे. तोवर तुम्ही ते व्याख्यान पाहाल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

त्याच आठवड्यातलं वाचन मात्र मी जपून ठेवलं आहे. व्हितोरिया, तोच सालामांकाचा, एका व्याख्यानात आजाऱ्याच्या खाण्याचा प्रश्न घेतो. आजारी माणसाची इच्छाच मेली असेल, घास गिळणं म्हणजे जणू छळ झाला असेल, तर ते त्याला अशक्यच आहे असं धरावं आणि त्याच्यावर दोष ठेवू नये, विशेषतः जगण्याची आशा थोडी किंवा मुळीच नसेल तर. सोळाव्या शतकातला एक प्राध्यापक माझ्या वॉर्डातल्या पलंगाशेजारी उभा आहे असं वाटलं. यातूनच पुढे सामान्य आणि असामान्य उपचार हा भेद आला, आणि २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांशी बोलताना पायस बारावे यांनी तो स्पष्ट केला: जीव राखण्यासाठी सामान्य उपाय करणं बंधनकारक, स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी ओझं घालणारे उपाय बंधनकारक नाहीत. इथे सामान्य म्हणजे नेहमी वापरात असलेला असा अर्थ नाही, या माणसाला या परिस्थितीत झेपणारा असा आहे. डायलिसिस कुणासाठी सामान्य असतं. पप्पांसाठीही चार वर्षं होतं.

निबंध मी पप्पांवर लिहिला. त्यात वारंवार लिहिलं होतं की आमच्या मनात त्यांना मारण्याची भावना नव्हती. शिक्षकांनी समासात लिहून दिलं की हेतू म्हणजे भावना नव्हे. थकलेल्या माणसाच्या मनात सुटकेची भावना येते आणि तो स्वतःला खुनी समजू लागतो. हेतू योजनेत दिसतो. मग खाली एक प्रश्न लिहिला होता: डायलिसिस थांबवल्यावर वडील दहाव्या दिवशी सुधारले असते, तर तुमची योजना फसली असती का?

हा प्रश्न मी दादाला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रविवारी त्यांची दाढी करायची म्हणून मी नवं ब्लेड आणून ठेवलं होतं. अजून कपाटातच आहे."